बुडालेल्या जहाजांचें लांकूड

पेण म्हटलें कीं गणपतीच्या मूर्ति आणि रोहें म्हटलें कीं धाटावचे कारखाने, एवढीच या दोन गांवांची ओळख आजच्या बहुतेक वाचकांस असते. परंतु लोहमार्ग आणि डांबरी सडक यांचा जन्म होण्यापूर्वीं हीं दोन्ही गांवें एका अर्थीं समुद्राचीं गांवें होतीं. समुद्र त्यांच्या वेशीपर्यंत येत नसे, पण समुद्राची भरती येत असे. धरमतरच्या खाडीवाटे पेणच्या अंतोरें बंदरास पडाव लागत. रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीनें रोह्यापर्यंत मचवे वर येत. इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकासाठीं रायगडास निघाला, तो चौलाहून याच खाडीच्या वाटेनें रोह्यासमोरच्या अष्टमीस आला आणि मग डोंगरवाटेस लागला. भात, मीठ आणि डोंगरांतील लांकूड या वाटेनें खालीं जाई. बाहेरचा माल व बाहेरचीं माणसें या वाटेनें वर येत.

जेथें वाहतूक आहे तेथें अपघात आहेच. बुडालेलें जहाज म्हटलें कीं आमच्या भागांतील माणसास 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट वाटेंत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या दुःखाची आठवण कित्येक घरांत अद्याप आहे. आज मात्र आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें त्याहून पुष्कळ जुन्या, ज्यांसाठीं रडणारें आतां कोणी उरलें नाहीं अशा लांकडी जहाजांविषयीं. आणि तेंही त्यांच्या कथांविषयीं नव्हे, तर त्यांच्या लांकडाविषयीं.

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास आम्ही अभिमानानें सांगतों. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी महाराजांच्या हातीं आली आणि १६५९ सालच्या एका पोर्तुगीज पत्रांत, शहाजीच्या या पुत्रानें भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजें बांधविल्याची चिंता व्यक्त झाली. गुराब, गलबत, तरांडें, शिबाड, पाल, मचवा अशीं जहाजांचीं नांवें आमच्या बखरींतून व कागदांतून आढळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रांत तर आरमारासाठीं लांकूड कोठून आणावें याचाही विचार आहे. सागासारखे वृक्ष राज्याच्या अरण्यांतून परवानगीनें तोडावे. आंबा व फणस हेही उपयोगी खरे, पण रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें फारच जीर्ण झालेलें झाड असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील अभिप्राय आहे. ज्या राज्यानें आपल्या जहाजांच्या लांकडाचा इतका सूक्ष्म विचार केला, त्या राज्याच्या एखाद्या जहाजाची एक फळी तरी आज आम्हांस दाखवितां येईल काय?

प्रश्न विचारला म्हणजे मान खालीं घालावी लागते. कागद आहेत, किल्ले आहेत, तोफा आहेत. जहाज मात्र नाहीं. तुळाजी आंग्र्यांचें आरमार १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गच्या पाण्यांत, इंग्रजांच्या हल्ल्यांत व पेशव्यांच्या संमतीनें, एका दिवसांत जळून गेलें. जीं जळालीं नाहींत तीं कुजलीं, मोडलीं, घरांच्या तुळयांस व चुलींस लागलीं. आश्चर्य असें कीं, आमच्या पश्चिम किनाऱ्यावरचें सागवान परदेशांत मात्र वांचलें आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजही तरंगते आहे. त्याहून दूरची गोष्ट म्हणजे ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या रोमन काळच्या बंदराची. तेथील वाळूंत हिंदुस्थानी सागाचीं लांकडें निघालीं, आणि त्यांतील कांहीं मोडीत काढलेल्या जहाजांचीं असावींत असें संशोधक मानतात. एक लांकूड इंग्रजांच्या सततच्या डागडुजीनें वांचलें, दुसरें वाळवंटाच्या कोरडेपणानें. आमच्याकडे तशी डागडुजीही नव्हती आणि तसें वाळवंटही नाहीं.

पण आमच्याकडे चिखल आहे. आणि त्या चिखलाचें मोल आम्हांस फार उशिरां कळलें. येथें आमचाच एक अपराध सांगणें भाग आहे.

आम्ही दहा-बारा वर्षांचे असतांना पेणच्या खारेपाटांतील एका नातेवाइकांकडे आश्विनांत गेलों होतों. त्या पावसाळ्यांत उधाणानें त्यांच्या शेताच्या बांधास खांड पडली होती व ती बुजविण्याचें काम चाललें होतें. माती काढतांना खालच्या निळसर काळ्या चिखलांतून पुरुषभर लांबीचें एक वांकडें लांकूड निघालें. त्यास सारख्या अंतरावर भोकें होतीं व दोन भोकांत लांकडी खुंट्या जशाच्या तशा होत्या. कामावर एक वृद्ध खलाशी होता. त्यानें लांकडावरून हात फिरवून सांगितलें, "वांक हाय ह्यो, बाळांनो. मोठ्या गलबताचा." वांक म्हणजे जहाजाच्या पोटाची बरगडी, तळाचा जो कणा, ज्यास पठाण म्हणतात, त्यावर अशा बरगड्या बसवून मग बाहेरून फळ्या मारतात, हें त्यानेंच आम्हांस समजाविलें. आम्हां मुलांस केवढा आनंद झाला! आम्हीं तें लांकूड गाडींतून घरीं आणलें, विहिरीच्या गोड्या पाण्यानें स्वच्छ धुतलें आणि मोठ्या भक्तिभावानें खळ्यांत उन्हांत वाळत घातलें.

आठ दिवसांत त्यास भेगा पडल्या. पंधरा दिवसांत तें पिळवटलें, खुंट्या गळून पडल्या, भोकांचे लांबट डोळे झाले. मार्गशीर्ष उजाडला तेव्हां त्याची जाडी निम्म्यावर आली होती आणि बोट लावतांच पापुद्रे सुटत होते. शेवटीं घरांतील कोणीसें तें न्हाणीघरांतल्या चुलीस लावलें. जें लांकूड चिखलांत कोण जाणे किती पिढ्या टिकलें, तें आमच्या प्रेमानें दोन महिन्यांत संपलें. तें शंभर वर्षांचें होतें कीं तीनशें, हें आतां ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

असें कां व्हावें? याचें उत्तर पुढें पुष्कळ वर्षांनीं वाचनांत आलें. समुद्रांत उघड्या पडलेल्या लांकडाचा मोठा वैरी टेरेडो नांवाचा प्राणी. दिसावयास तो अळीसारखा, पण जातीनें शिंपल्याचा भाऊबंद. तो लांकूड आंतून पोखरून त्याची चाळण करतो. आमचे खलाशी जहाजाच्या तळास तेल, चुना व चरबी यांचे लेप देत व पावसाळ्यांत होड्या वर ओढून शाकारून ठेवीत, त्यांत या शत्रूपासून बचाव हाही हेतु होता. परंतु जहाज बुडून लवकर गाळांत गाडलें गेलें म्हणजे गोष्ट पालटते. दाट गाळांत हवेंतील प्राणवायु पोंचत नाहीं. त्यामुळें पोखरणारा किडा जगत नाहीं, बुरशी वाढत नाहीं. केवळ कांहीं सूक्ष्म जंतु अत्यंत मंद गतीनें लांकूड खात राहतात. लांकडाच्या सूक्ष्म पेशींच्या भिंतींतील पोषक भाग ते हळूहळू नेतात व त्या रिकाम्या जागीं पाणी भरतें. अशा लांकडांत कोरड्या लांकडाच्या वजनाच्या कित्येक पट पाणी असूं शकतें. बाहेरून आकार तोच, खुंटी तीच, करवतीची खूणही तीच. परंतु आंतील आधार पाण्याचा!

तें पाणी उन्हानें ओढून घेतलें म्हणजे काय होईल? पेणच्या मूर्तिकाराचा कुंचला पाण्यांत बुडालेला असतां त्याचे केस मोकळे असतात. बाहेर काढतांच ते एकमेकांस चिकटून त्यांची एक टोकदार बट होते. पाण्याचा पृष्ठभाग मागें हटतांना आपल्याबरोबर सर्व कांहीं आंत ओढतो, त्याचा हा परिणाम. लांकडाच्या दुबळ्या झालेल्या पेशींचें असेंच होतें. भिंती आंत कोसळतात आणि एकदां कोसळल्या म्हणजे पुन्हां उभ्या राहत नाहींत. आमच्या खळ्यांत त्या आश्विनांत हेंच घडलें.

यावर उपाय शोधण्यांत यूरोपच्या शास्त्रज्ञांनीं दीड शतकाहून अधिक काळ घालविला आहे. प्रथम तुरटीचा उपाय निघाला. ओल्या लांकडास तुरटीच्या कढत पाण्यांत ठेवावें, म्हणजे तुरटी आंत शिरून थिजते व आकार टिकतो. नॉर्वेंतील ओसेबर्ग येथें १९०४ सालीं खणून काढलेल्या दफनांतील कित्येक सुंदर कोरीव वस्तूंवर हाच प्रयोग झाला. वस्तु वांचल्या असें सर्वांस वाटलें. परंतु त्या प्रक्रियेंतून निर्माण झालेलें गंधकाम्ल आंतून लांकूड खात राहिलें, आणि शंभर वर्षांनीं आढळलें कीं वरचें कवच तेवढें उभें असून आंत भुगा झाला आहे.

दुसरा उपाय पॉलिएथिलीन ग्लायकॉल नामक मेणासारख्या द्रव्याचा. आमच्या वाचक भगिनींस तो एका क्षणांत समजेल, कारण मोरावळा करतांना त्या तेंच करीत असतात. आवळा एकदम दाट पाकांत टाकला तर आक्रसतो. म्हणून पातळ पाकापासून आरंभ करून पाक हळूहळू दाट करीत नेतात, आंतील पाणी बाहेर येतें, साखर आंत जाते आणि फळ आपला आकार राखतें. या द्रव्याचें पाणी असेंच प्रथम पातळ, मग दाट करून लांकडास पाजतात. स्वीडनचें 'वासा' हें युद्धनौकांतील मोठें जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरीवर निघालें आणि स्टॉकहोमच्या बंदरांतच बुडालें. बाल्टिक समुद्राचें पाणी फारसें खारट नसल्यानें टेरेडो तेथें जगत नाहीं. म्हणून ३३३ वर्षांनीं, २४ एप्रिल १९६१ रोजीं, तें जवळजवळ अखंड वर आलें. त्यानंतर सतरा वर्षें, १९६२ पासून १९७९ पर्यंत, त्यावर या द्रव्याचे फवारे चालू होते, आणि मग कित्येक वर्षें तें सावकाश वाळविण्यांत गेलीं. इंग्लंडांत १५४५ सालीं बुडालेलें 'मेरी रोज' १९८२ सालीं वर काढलें. त्यावरील फवारे १९९४ त सुरू झाले व २०१३ त थांबले. येथें एका पिढीनें काम आरंभिलें व दुसरीनें पुरें केलें.

पुरें केलें असें तरी कसें म्हणावें? २००० सालच्या सुमारास 'वासा'च्या लांकडावर पिवळट-पांढरे आम्लयुक्त क्षार फुटूं लागले. समुद्रतळाशीं असतां जंतूंनीं निर्माण केलेलें गंधक लांकडांत मुरलें होतें. खिळ्यांच्या गंजाचें लोखंडही मुरलें होतें. जहाज हवेंत येतांच प्राणवायूशीं संयोग होऊन तें गंधक आम्ल बनूं लागलें. म्हणजे तुरटीनें जें बाहेरून आणलें, तें येथें समुद्रानेंच आंत भरून ठेवलें होतें! तेव्हांपासून संग्रहालयाची हवा मोजून-मापून ठेवणें, जुने खिळे बदलणें, लांकडांतील लोह व आम्ल निष्प्रभ करण्याचे मार्ग शोधणें हें काम चालूच आहे. या शास्त्राची थोरवी आम्हांस यांत दिसते कीं, आपली चूक तें लपवीत नाहीं.

हें सर्व थंड देशांचें झालें. आमच्या उष्ण समुद्रांत काय वांचणार, असें कोणी म्हणेल. ही शंका निराधार नाहीं. गोव्याजवळ सुंची येथील खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभीं फुटलेल्या एका जहाजाचे अवशेष दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनीं शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत व चिनी भांडीं हातीं आलीं, जहाजाचा लांकडी सांगाडा मात्र हातीं लागला नाहीं. खडकावर उघडें पडलेलें लांकूड या समुद्रांत टिकत नाहीं. परंतु केरळांत चेरथळाजवळ थैकल-कडक्करप्पळ्ळि येथें २००२ सालीं काय घडलें तें पाहावें. समुद्रापासून आंत, पाणथळ जमिनींत, सुमारें अठरा मीटर लांबीची मध्ययुगीन नौका सांपडली. खडकानें जें राखलें नाहीं तें चिखलानें राखलें. आणि पेण-रोह्याच्या खाड्यांत, खारबंदिस्तीच्या बांधांखालीं, उघाड्यांच्या तोंडाशीं काय आहे? चिखलच!

तेव्हां या चिखलांत एकही वांक उरला नसेल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आम्हीं स्वतः एक जाळला आहे.

अशा एका तुकड्यांतून काय कळेल, असेंही कोणी विचारील. लांकडाच्या पातळ कापावरून तें कोणत्या झाडाचें हें कळतें. किरणोत्सारी कार्बनावरून सुमारें कोणत्या काळचें हें कळतें. खुंटी, खिळा किंवा काथ्याची शिवण यांवरून तें कोणत्या परंपरेच्या सुतारानें घडविलें याचा माग लागतो. साग तर याहून बोलका. त्याच्या खोडांत वर्षागणिक वर्तुळ पडतें व तें त्या वर्षाच्या पावसाप्रमाणें रुंद किंवा अरुंद होतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत सागाच्या अशा वर्तुळांवरून मागील काळच्या पावसाचा अभ्यास झाला आहे. म्हणजे चांगली टिकलेली एखादी सागवानी फळी ही आरमाराची वही आहे आणि दुष्काळ-सुकाळाचीही.

राहिला पैशाचा प्रश्न. आमच्या देशास 'वासा'सारखा खर्च सोसेल काय? आम्हांस वाटतें, आरंभीं त्याची गरजच नाहीं. कॅनडांत रेड बे येथें सोळाव्या शतकांतील बास्क देवमासे-शिकाऱ्यांचें एक जहाज मिळालें. १९७८ ते १९८५ या काळांत संशोधकांनीं त्याचीं लांकडें एकेक करून वर आणलीं, मोजलीं, रेखाटलीं. आणि नंतर तीं पुन्हां समुद्रतळाशीं नीट पुरून ठेवलीं. ज्ञान घेतलें आणि ठेव जेथल्या तेथें ठेवली. याहून स्वस्त व याहून शहाणपणाचा उपाय आम्हांस तरी ठाऊक नाहीं. शिवाय लांकूड राखण्याच्या विद्येंत आमचा देश अगदींच परका नाहीं. नव्या लांकडास कीड व वाळवी लागूं नये म्हणून तांबें, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचें मिश्रण १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनींच शोधलें व तें जगभर गेलें. सोमलाच्या विषारीपणामुळें पुढें अनेक देशांनीं त्याच्या घरगुती वापरास आळा घातला, ही गोष्ट निराळी. भारतीय पुरातत्त्व खात्यासही २००१ पासून पाण्याखालील संशोधनाची स्वतंत्र शाखा आहे. उणीव आहे ती चिखलांत हात घालणारा मजूर आणि प्रयोगशाळेंत बसलेला शास्त्रज्ञ यांच्यामधील दुव्याची. आणि तो दुवा म्हणजे आपण सुशिक्षित गांवकरी.

करावयाचें फार थोडें आहे. खाडींत, बांधांत किंवा रेती उपसतांना असें लांकूड दिसलें तर तें उपटूं नये. दिसलें त्या जागेची खूण व छायाचित्र घ्यावें आणि चिखल पुन्हां वर ओढून जिल्हाधिकाऱ्यांस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावें. निघालेंच तर धुवून उन्हांत ठेवूं नये. पाण्यांत बुडवून, सावलींत, झांकून ठेवावें. पुरलेली मोलाची वस्तु सांपडल्यास कळविण्याचा कायदा १८७८ पासून आहे खरा, पण त्यांत किमतीची मर्यादा दहा रुपयांची आहे. आमच्या त्या वांकाची किंमत बाजारांत कोणीं दहा रुपये तरी केली असती काय? म्हणून येथें कायद्यापेक्षां समज अधिक कामाची.

शेवटीं एका माणसाची आठवण येते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, पेण तालुक्यांतील वरसईचा. लोकांच्या माळ्यांवर दप्तरें वाळवी खात होती व वाणी त्यांच्या पुड्या बांधीत होते, त्या काळांत हा पुरुष गांवोगांव फिरला, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड त्यानें प्रसिद्ध केले. रद्दी हें साधन आहे, हें महाराष्ट्रास त्यानें शिकविलें. आतां त्याच तालुक्याच्या चिखलांत दुसऱ्या प्रकारचें दप्तर पडलें असण्याचा संभव आहे. फरक इतकाच कीं, कागदास ओल मारते आणि बुडालेल्या लांकडास ऊन मारतें. राजवाड्यांची कळकळ आम्हांस हवी. पण जुनी वस्तु मिळाली कीं उन्हांत घालावी, हा घरोघरचा संस्कार येथें सोडावयास हवा.

यापुढें कोणाच्या शेतांत बांध फुटला आणि चिखलांतून काळें, वांकडें, भोकें पाडलेलें लांकूड डोकावलें, तर त्या घरच्या मुलांनीं आमच्याहून शहाणें व्हावें. त्यांनीं त्यावर पुन्हां चिखल ओढावा व मग कोणास तरी पत्र लिहावें, एवढ्यासाठीं हा लेख.